देवीपाशी बसताना

कोलशेतला आमच्या जुन्या गावात देवीला पुजारी नाही, पुजारीण आहे. तिला 'बसती' म्हणतात, म्हणजे देवीपाशी बसणारी. वर्षातून तीनदा ती सकाळपासून दिवे लागेपर्यंत बसते: कार्तिकात मिठागरात पाणी घेण्याच्या वेळी, चैत्रात मीठ निघाल्यावर आणि नारळी पौर्णिमेला. लोक चिमूटभर मीठ वाहून मनातलं विचारतात आणि देवी बसतीच्या तोंडून कौल देते. मिठागरं बुजली, तिथे टॉवर आले, मीठ आता दुकानातल्या पिशवीतलं असतं, पण सण कधी चुकला नाही.

हा मान आत्याकडून भाचीकडे जातो. माझ्या आत्याला भाऊ एकच, आणि त्या भावाला मुलगी एकच. ती मी.

मी डोंबिवलीत, मानपाड्याला राहते. तिथल्याच एका रंगाच्या कंपनीत लॅबमध्ये काम करते. एका जागी बसणं मला जमत नाही. जेवतानासुद्धा माझा पाय हलत असतो. सासूबाई साताऱ्याकडच्या, त्या म्हणायच्या, "अगं, पायाला भिंगरी बांधलीय का तुझ्या?"

त्या वर्षी फाल्गुनात आत्याचा फोन आला. "माजं गुडगं गेलं गो. यंदा चैताला तुला बसाचा हाय."

"आत्या, मला काही येत नाही. काय बोलायचं असतं?"

"आपुन नाय बोलत. ती बोलते. तू निस्ती बस."

तेव्हापासून मला स्वस्थता नव्हती. कंपनीत तोच नमुना दोनदा तपासायचे. आत्याच्या अंगात येताना मी लहानपणी पाहिलं होतं. तिचा आवाज जाड व्हायचा, डोळे आमच्यापलीकडे कुठेतरी लागायचे. ते खोटं नव्हतं, हे मी आजही सांगेन. माझ्या अंगात देवी आलीच नाही तर?

नवरा म्हणाला, "नाही म्हण ना सरळ." पण नाही म्हणवेना.

चैत्रातल्या त्या सकाळी आत्याने मला तिचं हिरवं लुगडं नेसवलं, केस मोकळे सोडले आणि पाटावर बसवलं. ती स्वतः दाराशी खुर्चीवर बसली. पहिली आली ती आमच्या आळीतलीच एक काकी. मीठ वाहून म्हणाली, "आई, मुलगी नांदायला जात नाय. धाडू का ठेवू?"

मी डोळे मिटले. वाट पाहिली. घंटेचा आवाज, बाहेरच्या रस्त्यावरचे हॉर्न, पायाला आलेल्या मुंग्या. दुसरं काहीच नाही. काकी हात जोडून तशीच उभी. मनात आलं, 'ठेव' म्हणून टाकावं. पण तिच्या मुलीचं आयुष्य मी कोणाच्या नावावर ठरवणार होते?

डोळे उघडून मी म्हणाले, "काकी, माझ्यात कोणी आलं नाही. मला खोटं बोलता येणार नाही."

रांगेत कुजबुज झाली. काकी क्षणभर गोंधळली, मग पुढ्यात खालीच बसली. "बरं. मंग आईक तरी," म्हणाली, आणि मुलीचं सगळं सांगू लागली. सांगता सांगता रडली. मी तिचा हात धरून ऐकलं. उठताना आपणच म्हणाली, "नाय धाडत मी तिला." दुपारपर्यंत निम्मी रांग परत गेली होती. उरलेल्या बायका मात्र एकेक करून येऊन बोलून गेल्या.

संध्याकाळी लुगड्याची घडी हातात घेत आत्या एवढंच म्हणाली, "चार पिढ्यांत असा कोनी नाय केला." त्यानंतर ती माझा फोन उचलेना. आषाढ तसाच गेला. गावाने दुसरी बसती शोधली असेल असं मला वाटत होतं, आणि कोणी तसं सांगितलं असतं तर सुटका वाटली असती की वाईट, हेही कळत नव्हतं. नारळी पौर्णिमेला बोलावणं न येताच मी रजा टाकून गेले. पाट मांडलेला होता. मी बसले.

रांग चैत्रापेक्षा छोटी होती. त्यात भिंतीचा आधार घेत पुढे सरकणारी आत्या होती. तिची पाळी आली तशी तिने मीठ वाहिलं. आयुष्यभर तिने दुसऱ्यांना कौल दिला, स्वतः विचारलेला मी कधी पाहिला नव्हता.

"डाक्टर बोलतो, गुडग्याचा आपरेशन कर. मना भ्याव वाटतं," ती हळूच म्हणाली. "करू का नको?"

मला रडू आलं. "देवीचं मला माहीत नाही, आत्या. कल्याणला एक चांगले डॉक्टर आहेत. मी येते तुझ्याबरोबर."

"यो काय कौल झाला?" ती चिडून म्हणाली. पण उठायला तिने हात माझ्याकडेच केला.

दिवाळीआधी ऑपरेशन झालं. आता ती काठी घेऊन खाडीपर्यंत जाऊन येते. तो कौल होता की नव्हता, यावर आमचं अजून वाजतं. आणि सण जवळ आला की आठवडाभर आधीपासून माझी झोप उडते, ती उडतेच.