पावर काढलेली गाडी

माझ्या जुन्या गाडीचं पॉवर स्टीअरिंग काढून टाकावं, ही सूचना पहिल्यांदा मुलाने पुण्याहून फोनवर केली. गाडी लहान, पण इंजिन तिच्या अंगापेक्षा मोठं. कंपनीने ती शौकीन लोकांसाठी काढली होती आणि मागच्या दारावर लाल अक्षरांत तसं लिहूनही ठेवलं होतं. कॉलेजात शिकवत असताना मी ती सेकंडहँड घेतली. आता निवृत्तीनंतर मेहकरहून जानेफळला बहिणीकडे जाण्यापुरती ती चालते. स्टीअरिंगचा पंप अलीकडे तेल गाळायला लागला होता, एवढं खरं. पण मुलाने दिलेलं व्याख्यान पंपापुरतं नव्हतं. पंप काढला की इंजिनावरचा भार कमी होतो, गाडी चपळ होते, आणि मुख्य म्हणजे रस्ता थेट हाताला कळतो, असं तो म्हणाला.

आमच्या जिल्ह्यातला रस्ता थेट हाताला कळावा असं ज्याला वाटतं, तो बहुधा बाहेरगावी राहतो. शिवाय मुलाच्या स्वतःच्या गाडीचं स्टीअरिंग एका बोटाने फिरतं आणि पार्किंग तर ती गाडी आपली आपणच करते. स्वतः गोड गोळी घेऊन दुसऱ्याला काढा देणाऱ्या वैद्याची थोडी चौकशी करावी, असं माझं मत आहे.

चौकशी सुरू होण्याआधीच बायको म्हणाली, काढून टाका. इथे मला संशयाचा वास आला. नवा मिक्सर ठरवायला हिला अख्खा उन्हाळा लागला होता. गाडीबद्दल तिचं आजवरचं मत ‘काच वर करा’ यापलीकडे गेलं नव्हतं.

बसस्टँडमागच्या मेकॅनिकला मी विचारलं, नवा पंप का बसवत नाही? तो म्हणाला, या गाडीचा मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही, आणि टिकला तरी शोभत नाही. पहिली दोन कारणं मी मान्य केली. तिसरं ऐकून संशय पक्का झाला. मेकॅनिकला सौंदर्यदृष्टी फुटते तेव्हा त्यामागे कोणीतरी उभं असतं.

आमच्याकडे पावर हा शब्द यंत्राइतकाच माणसालाही लागतो. एखादा सोसायटीवर निवडून आला की त्याला पावर येते, आणि पुढच्या निवडणुकीत गाव त्याची पावर काढतं. त्यामुळे गाडी गॅरेजात गेल्याचं कळताच चहाच्या टपरीवरच्या एका जुन्या सहकाऱ्याने भर गर्दीत विचारलं, “काऊन सर, पावर काढून राह्यले म्हणे तुमची?” सगळे हसले. मीही हसलो, पण ‘गाडीची’ न म्हणता ‘तुमची’ म्हणाला, हे लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात गेलो. पट्टा आणि पंप काढून झाले होते. मेकॅनिक गाडीखाली होता, फक्त पाय दिसत होते. मी म्हटलं, बाबा, हे फारच जड होईल.

“मंग? म्याडमचा फोन आलता ना मले,” पायांच्या दिशेकडून उत्तर आलं. “जड करून द्या म्हणे.”

मग तो एकदम पान्हा शोधायला लागला. गाडी जड करून मागणारं गिऱ्हाईक त्यालाही पहिल्यांदाच भेटलं असावं.

घरी बायको पेपरातलं शब्दकोडं सोडवत होती. मी विचारलं. तिने नाकारलं नाही. मुलालाही मीच पढवलं, म्हणाली.

“तुम्ही कोणाचं ऐकता काय? हात दुखले म्हणजे आपल्या मनानं गाडी सोडसान, असं वाटलं.”

“पण काऊन? केलं काय मी?”

तिने पेन बंद केलं. “मागच्या खेपेले जानेफळहून येताना तुम्ही ट्रॅक्टरले ओव्हरटेक केलं. समोरून एसटी आली. त्या डायव्हरनं चाकं खाली मातीत घातली म्हणून आपण घरी आलो. मी म्हटलं, ती एसटी पाहिली काय? तर तुम्ही म्हणाले, कोणती एसटी?”

मला ट्रॅक्टर आठवला. त्याच्यावरचा कडबाही आठवला. तिने विचारलेलं आणि मी दिलेलं उत्तरही आठवलं. एसटी आठवली नाही.

गाडी परत आली तेव्हा अंगणात उभ्या उभ्याच मी स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं. जोर लागला, पण फिरलं. पुन्हा फिरवलं. हात शाबूत होते. घरच्यांनी मेकॅनिकला हाताशी धरून भलताच भाग काढला होता. मी ठरवलं असतं तर ही गाडी आणखी दहा वर्षं चालवू शकलो असतो, आणि नेमकी हीच अडचण होती. मुलाचा, बायकोचा, मेकॅनिकचा संशय घेऊन झाला होता. चष्मा पुसून पाहिला. चष्म्याचा दोष नव्हता.

किल्ली मी तिच्या शब्दकोड्यावर ठेवली. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव तेवढं विचारलं.

रविवारी बहिणीकडे जायला स्टँडवर गेलो. एसटी लागली. लाल आहे, मोठी आहे, एवढं स्वच्छ दिसत होतं. पाटीवर अक्षरांच्या जागी मात्र पांढरा धूर दिसत होता. शेजारी पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, जानेफळचीच ना?

“हाव,” तो म्हणाला, आणि माझ्याकडे जरा संशयाने पाहून पुढे झाला. “एवढ्या मोठ्या अक्षरात त लिहेल हाय.”