मंगळावर निघालेला तांडा आणि यवतमाळातले दोन दिवस

झमके, यवतमाळच्या मेळाव्याला कसं जायचं हे तू मला होळीत विचारलंस, मी सांगितलं. मग सखूच्या लग्नात विचारलंस, तेव्हाही सांगितलं, आणि तू अशी मान डोलावलीस की वाटलं पाठ झालं. आता तुझ्या गावाहून तिसऱ्यांदा निरोप आला, "मोठ्या बहिनीले विचार, बस कुठून भेटते." बाई, डोकं फक्त पदर अडकवायला ठेवलंस का? म्हणून हे लिहवून घेते आहे. मी बोलते ती आपली बोली, आणि नात कमली लिहिते ती शाळेतली भाषा. नातवाकडून दोनदा वाचून घे, म्हणजे अर्धं तरी राहील.

आधी मेळावा कसला ते. आभाळातल्या गाड्या, परक्या ग्रहांवरची माणसं, भुतंखेतं यांच्या गोष्टी वाचायचं ज्यांना वेड आहे, असे लोक वर्षातून एकदा शनिवार-रविवार एका वाचनालयाच्या माडीवर जमतात. त्यांचं मंडळ वर्षाला एक अंक काढतं. छापत नाहीत, हातानं लिहितात. प्रत एकच. ती एसटीनं गावोगाव फिरते. ज्याच्या घरी जाईल त्यानं चार दिवसांत वाचायची, मागच्या कोऱ्या पानावर मत लिहायचं आणि पुढच्याला धाडायची. अंकात कोणाची गोष्ट जाणार ते मेळाव्यातच ठरतं. लिहिणाऱ्यानं उभं राहून वाचायचं, लोक प्रश्न विचारतात, मग संपादक सांगतात.

कमली, म्हणजे माझ्या हरीची थोरली, नेरच्या शाळेत मॅट्रिकला आहे. तिनं कोणाला न सांगता एक गोष्ट धाडली आणि उलट पोस्टकार्ड आलं, येऊन वाचा. पोरीचं जेवण सुटलं. "दादी, अंकात गेली पाह्यजे," एवढंच दिवसभर. हरीची गाडी कापूस घेऊन बाजारात रांगेत उभी, आणि एकटीला तो पाठवेना. मग मी घागरा झटकला.

आता नीट ऐक. नेरच्या स्टँडवरून सकाळची यवतमाळ गाडी धर. अमरावतीहून येणारी भरूनच येते, तिच्या नादी लागू नकोस. उजव्या हाताला बस, डावीकडे ऊन तोंडावर येतं. तिकीट रुपयाच्या आसपास. कंडक्टर माझ्या घागऱ्याकडे पाहून म्हणाला, "आजी, गाठोडं टपावर टाका." मी म्हटलं, "टाकते, पण मंग मलेही तिथंच बसाव लागन." पुढे त्यानं यवतमाळ येईपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. स्टँडवर आलुबोंडा चांगला मिळतो, चहा नाही.

माडीवर गेलो तर पन्नासेक माणसं, आणि हॉल मधोमध फाटलेला. डावीकडे रॉकेटवाले, उजवीकडे भुतवाले, लग्नात वरपक्ष-वधूपक्ष बसतात तसे. रॉकेटवाले म्हणतात भूत म्हणजे अडाणीपणा. भुतवाले म्हणतात, रशियाचा माणूस वर फिरून आला, तुमच्या गोष्टीत आता राहिलं काय? वर्गणी दोन रुपये होती. बायकांना माफ, कारण तोवर एकही बाई आलीच नव्हती.

दारातच एक माणूस भेटला. अकोल्याचा, जिनिंगमधला कारकून. डोक्यावर रॉकेलचा डबा, त्याला डोळ्यांपुरती भोकं. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आरसे, कवड्या, कोपरापर्यंत बलोयांच्या बांगड्या.

"वा आजी! हा पोशाख कोन्त्या ग्रहावरचा हाय?"

"नेरच्या पलीकडचा."

त्यानं ते वहीत टिपून घेतलं. मागून कळलं, परग्रहवासी सजून येण्याची चढाओढ होती आणि नावं तोच घेत होता.

त्यानं बांबू आणि पतंगाच्या कागदाचं मंगळावर जायचं यान केलं होतं. मी चहूकडून फिरून पाहिलं. सात खुर्च्या, सात पुरुष.

"किती दिवस लागतेत?"

"आठ महिने, आजी."

"अन् पानी कुठी भरलं?"

डब्यानं यानाकडे वळून पाहिलं. "पानी... मागं हाय."

"मागं तं आग हाय म्हनत होते तुमी."

त्यानं डबा काढला. खाली चांगला घामेजलेला, भला चेहरा होता. पुढचे दोन दिवस तो मला काही ना काही विचारतच राहिला. मीठ किती घ्यावं, आजारी पडलेल्याला कुठे निजवावं. मी आपल्या आजोबांच्या लदेणीचं सांगितलं. शंभर बैल, पाठीवर मिठाच्या गोण्या, महिनोन्‌महिने वाट.

दुपारी कमली उभी राहिली. आवाज शेळीच्या करडासारखा. गोष्ट ऐकली आणि मीच सावरून बसले. अख्खा तांडा मंगळावर निघालाय! शेळ्या, बियाणं, मीठ, बाळंतिणी, सगळं यानात. आणि पुढे एक म्हातारी. तिला अक्षर येत नाही, ती रोज दोरीला एक गाठ मारून दिवस मोजते, आणि कधी निजायचं, कधी पाणी वाटायचं हे तीच ठरवते. तंबाखूही खाते. माझी तंबाखू मंगळापर्यंत पोचली, हे मला तिथे कळलं.

टाळ्या पडल्या. संपादक उठले. शाळेत विज्ञान शिकवणारे मास्तर, गोड बोलणारे. "कमलाबाई, गोष्टीत जीव आहे. पण यानाची प्रमुख निरक्षर बाई? ही विज्ञानकथा आहे. तिला काढा, एखादा शास्त्रज्ञ घाला. उद्या पुन्हा वाचा, मी अंकात घेतो."

संध्याकाळी गच्चीवर दुर्बीण लावली होती. मी चंद्र पाहिला. भाजताना पापडाला फोड येतात तसा दिसतो. मुक्काम आपल्या तांड्यातल्या रामाकडे, तो कचेरीत चपराशी आहे. वांग्याची भाजी, भाकर, ठेचा. कमली ताटावर बसून राहिली.

"दादी, काय करू?"

"काढ मले. मी काय, अर्ध्या वाटेत उतरते."

म्हटलं खरं. पण झमके, त्या दिवशी ठेचा मला फिका लागला.

रविवारी तिनं पुन्हा वाचलं. म्हातारीच्या जागी चष्मेवाला शास्त्रज्ञ. सगळं बरोबर, सगळं वेळेवर. शेळ्यासुद्धा ओरडेनात. रॉकेटवाले जांभया देऊ लागले. तेवढ्यात अकोल्याचा डबा उठला.

"ते गाठीवाली बुढी कुठी गेली?"

"तिला काढलं," मास्तर म्हणाले.

"काहून? काल तिच्याच भरवशावर तं आपुन निघालतो!"

गलका झाला. मास्तर हटेनात. मग भुतवाल्यांकडून दारव्ह्याचे एक म्हातारे वैद्य, पांढऱ्या मिशांचे, बसल्या जागेवरून बोलले, "जित्तेपनी चालत नसन तं मरू द्या तिले. भूत करा. भुताले कोन शाळेचा दाखला मांगते?"

अख्खा हॉल हसला, मास्तरही. कमली हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि भर सभेत विचारलं, "दादी, तुले मारू का?"

काय सांगू! मला आपली पणजी आठवली. लदेणीच्या वाटेवर गेली ती. तांडा एक दिवस थांबला, दुसऱ्या दिवशी बैल लादून निघाला. कोणत्या झाडाखाली, कोणत्या नाल्यावर, पुढे कोणालाच सांगता आलं नाही.

"मार," मी म्हटलं. "पन वाटेतच मार. अन् तांडा थांबू देऊ नको."

पोरगी खिडकीत बसली आणि तासाभरात उठली. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा आवाज तिचा स्वतःचा होता. चौथ्या महिन्यात म्हातारी मरते. थांबायला जागा नाही, झाड नाही. पोरं ठरवतात की आता गाठी आपण मारायच्या. पण सकाळी उठून पाहतात तर त्या दिवसाची गाठ आधीच मारलेली. रोजच. मंगळापर्यंत.

मास्तर म्हणाले, "पण याला विज्ञान म्हणायचं का?"

"मास्तर," अकोलेवाला म्हणाला, "हिच्या यानात पानी तरी हाय."

घेतली गोष्ट. पोशाखात मला दुसरा नंबर मिळाला, पहिला डब्याला. मी तर काही सजलेही नव्हते!

परतीची गाडी दुपारी चारची धर, नंतरची रखडते. घरी हरीनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "कमली अंकात गेली अन् मी वारली." तो चूळ भरत होता, ठसका लागला त्याला.

दोन दिवस मी हसत होते. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना वाटलं, जिवंत होते तेव्हा अक्षर येत नाही म्हणून लगाम काढून घेतला, आणि मेल्याबरोबर अख्खा तांडा हाती दिला. त्या मास्तरांना हे कळलं असेल का, कोण जाणे. माणूस वाईट नाही. पण एक बरं झालं. आपल्या पणजीला आता ठिकाण आहे. मंगळाच्या वाटेवर, चार महिन्यांच्या अंतरावर. कोणी विचारलं तर सांगता येईल. पुढच्या वर्षी तू नातवाला घेऊन जा. दुर्बिणीसाठी तरी जा.

अंक पोळ्याच्या सुमारास तुझ्याकडे येईल. गोष्ट ऐक, मागच्या पानावर तुझा अंगठा उठव आणि नातवाला लिहायला सांग की ही बाई मेलेलीच्या घरची आहे. आणि ज्या दिवशी अंक पुढे धाडशील त्याच दिवशी मला लापशीची भरड पाठव. नव्या गव्हाची, जाडी, सोबत गूळ आणि तूप. तूप वेगळ्या डब्यात, अंकाजवळ नको. मागच्या खेपेला कोणाच्या तरी लोणच्यानं पाच पानं पिवळी केली म्हणतात. दिवाळीत पितरांना नैवेद्य दाखवतो तेवढीच पाठवू नकोस, दुप्पट पाठव. मेलेलीचा वाटा तर काढायचाच आहे, पण मी अजून जेवते.