म्हाताऱ्या बैलाची बाजू

कॉम्प्युटर उघडण्याआधी त्याच्या पाठीवर थाप मारायची, ही आमच्या भाजे गावातल्या दुरुस्तीवाल्याची खोड. घरी शर्यतीचे बैल आहेत त्याच्या.

गाड्यांच्या शर्यतीच्या गेमसाठी मी हौसेनं नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, तरी पडद्यावरची गाडी अडखळतच होती. जुना प्रोसेसर भंगारात टाकायचं मी ठरवूनच टाकलं होतं, तसं त्याला सांगितलंही.

“न्हाई सर. नव्या खोंडासंगं म्हातारा बैल जुपलाय तुमी. म्हाताऱ्याचं वझं जरा हलकं करा की!”

त्यानं सेटिंगमध्ये जाऊन गेममधल्या रस्त्यावरची गर्दी कमी केली, कारण ती प्रोसेसरला हाकावी लागते. चित्राचा झगमगाट मात्र वाढवला. तो भार कार्डाचा. गाडी सुसाट सुटली.

“भिर्रर्र!” बैलगाडा शर्यतीच्या घाटात, धावपट्टीच्या कडेला ओरडावं तसा तो ओरडला, आणि शाबासकीची थाप जुन्या प्रोसेसरच्या बाजूला मारली.