जोमरेताईंचा नियम

प्यो जोमरेच्या अंगाला कायम साबणाचा वास यायचा, आणि त्या वासावर तिचं सगळं खोटं उभं होतं.

जेचॉन शहराच्या स्टेशनमागे एक जुना हमामखाना आहे. तिथे ती टॉवेल धुवायची, वाळवायची, घड्या घालून फडताळात लावायची. पहाटे पाचला यायची, दुपारी तीनला निघायची, आणि निघण्याआधी डोक्यावरून कढत पाणी घेऊन खसाखसा न्हायची. मालकिणीला वाटे, बाई स्वच्छतेची वेडी आहे. पण टेकडीवरच्या जोमरेच्या घरात जमीन तापवायला कोळशाची शेगडी होती, आणि कोळशाचा धूर केसांत, स्वेटरच्या विणीत, नखांच्या मुळाशी जाऊन बसतो. शहरात आता सगळ्यांकडे गॅस. कोळशाचा वास आला की माणूस कुठल्या वस्तीत राहतो हे लगेच कळतं. म्हणून तिचं मोरपंखी जाकीट कधी घरी गेलंच नाही. ते हमामखान्यातल्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत असायचं.

मोरपंखी हा गायक बांग इल्लोचा रंग, त्याच्या चाहत्यांच्या जाकिटांचा. नवरा गेल्यावर सहा महिन्यांनी हमामखान्यातल्या टीव्हीवर गाण्यांची स्पर्धा चालू होती आणि हा विशीतला पोरगा ट्रॉट नावाचं जुन्या चालीचं, हेलकाव्यांचं गाणं म्हणत होता. आवाज असा, की गाताना मधेच पायरी चुकल्यासारखा खाली यायचा आणि पुन्हा सावरायचा. जोमरे ओल्या टॉवेलांच्या ढिगावर बसून रडली. नवऱ्याच्या मयतालाही ती इतकी रडली नव्हती.

त्यानंतर तिला ‘इल्लोचं घरटं’ हे त्याच्या चाहत्यांचं मंडळ सापडलं. जेचॉन शाखेत चाळीस बायका होत्या, बहुतेक साठीच्या पुढच्या. इल्लोच्या वाढदिवसाला तांदळाची पोती, पूर आला की पांघरुणं, हिवाळ्यात गरिबांच्या घरी कोळशाच्या वड्या, सगळं इल्लोच्या नावाने. देणाऱ्या बाईचं नाव कुठेच छापायचं नाही, ही तिथली रीत. जोमरेला ती फार आवडली. नाव नाही म्हणजे पत्ताही नाही. जाकीट चढवलं की दवाखानेवाल्याची बायको आणि टॉवेल धुणारी बाई एकाच रंगाच्या. आणि तिथे तिला ‘ताई’ म्हणायचे. इल्लोच्या आधी तिला ताई म्हणून हाक मारणारं कुणी नव्हतं.

पहिल्याच दिवशी शाखेची प्रमुख कुमसुक हिने विचारलं होतं, “ताई, राहता कुठे?”

जोमरेच्या तोंडून निघून गेलं, “नदीकाठच्या नव्या टॉवरमध्ये. मुलाने घेऊन दिलाय.”

मुलगा आन्सानला कारखान्यात होता आणि वर्षातून दोन सणांना फोन करायचा. पण शब्द गेला तो गेला. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमानंतर कुमसुक तिला गाडीने टॉवरच्या फाटकाशी सोडायची. जोमरे आत जायची, वळून हात हलवायची, कचऱ्याच्या डब्यांमागून मागच्या दाराने बाहेर पडायची आणि वीस मिनिटं चढून घरी यायची. एकदा तिने तापाचं निमित्त करून कार्यक्रम चुकवला, तर कुमसुक पेज घेऊन टॉवरवर हजर, आणि रखवालदाराला विचारतेय, प्यो आडनावाच्या बाई कुठल्या मजल्यावर! बहिणीकडे आलेय असं फोनवर सांगून जोमरेने कसंबसं निभावलं. तेव्हापासून आजारी पडण्याचीही सोय राहिली नाही.

आता नियमाचं. मागच्या हिवाळ्यात घरट्याने दुसऱ्या एका वस्तीत वड्या वाटल्या होत्या. एका घराला कुलूप होतं म्हणून त्या दारात रचून ठेवल्या, आणि घरमालकाने त्या परस्पर विकल्या. सभेत सगळ्या एकदम बोलायला लागल्या. जोमरे सभेत कधी बोलायची नाही. त्या दिवशी काय अंगात आलं कोण जाणे, ती उठून म्हणाली, “आपल्या घामाचे पैसे आहेत. दारात माणूस उभं असेल तरच द्यायचं. हातात हात, मध्ये इल्लोचा फलक, आणि फोटो. माणूस नाही, तर वडी नाही.”

टाळ्या पडल्या. कुमसुकने वहीत लिहिलं, ‘जोमरेताईंचा नियम’. जोमरे त्या दिवशी टॉवरच्या मागच्या दारातून गाणं गुणगुणत घरी गेली. तिच्या स्वतःच्या घरी तेव्हा चर्चची पोरं वड्या देऊन जायची, दारात रचून, न विचारता.

या डिसेंबरात चर्चची पोरं आली नाहीत. दारालगतच्या वड्यांच्या खोपट्यात एकोणीस उरल्या आणि दिवसाला चार लागतात. शुक्रवारी वॉर्ड ऑफिसातल्या बाईंचा फोन आला.

“तेवीस नंबरच्या प्यो आजी ना? उद्या दहाला दीडशे वड्या येतायत. घरी थांबा.”

“देव भलं करो. कोण देतंय हो यंदा?”

“गाण्याचा कुठलासा क्लब आहे. हिरवी-निळी जाकिटं घालून येणारेत म्हणे.”

जोमरेने फोन दुसऱ्या कानाला लावला. घरट्याची वड्यांची सेवा उद्याच होती. जागा कुमसुक सकाळी सांगणार होती. शंभर वड्यांचे पैसे जोमरेने स्वतः भरले होते, आठवड्याच्या पगारातून, कुणापेक्षा कमी दिसू नये म्हणून.

“मला उद्या काम आहे हो,” ती म्हणाली. “खोपट्याचं दार उघडं ठेवते. रचून जाल का?”

“जातो की. काही काळजी करू नका, आजी.”

घरी थांबावं तर कुमसुक फलक घेऊन तिच्याच दारात. घरट्याच्या रांगेत जावं तर निदान कोळशाच्या धुळीसाठी तोंडावर मास्क असेल. तिने खोपटं झाडलं, ओली जागा जुन्या पत्र्याने झाकली, दार उघडून दगड लावून ठेवलं, घराला कुलूप घातलं आणि सकाळी हमामखान्यात जाऊन जाकीट चढवलं.

टेकडीच्या पायथ्याशी ट्रकमधून वड्या उतरत होत्या. बावीस भोकांची, साडेतीन किलोंची काळी वडी. गल्ली इतकी अरुंद की गाडी वर जात नाही, म्हणून बायका रांग धरून हातोहात वर पोचवतात. सगळ्यात वडील म्हणून जोमरेच्या हातात इल्लोचा हसरा फलक होता.

“ताई, तुम्हाला चढ झेपेल ना?” कुमसुक म्हणाली. “टॉवरच्या लिफ्टची सवय तुम्हाला.”

“झेपेल गं,” जोमरे म्हणाली. त्या पायऱ्यांवरची फुटकी फरशी कुठे आहे हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

रांग तेवीस नंबरला येऊन थांबली. वॉर्ड ऑफिसच्या बाईंनी कागद पाहिला. “प्यो आजी. घरी नाहीत, पण खोपटं उघडं ठेवलंय. रचा इथे.”

“प्यो?” कुमसुक हसली. “जोमरेताई, तुमच्यातल्याच निघाल्या की!”

“आमचं आडनाव आहेच ना इकडे तिकडे,” जोमरे मास्कच्या आतून म्हणाली.

“पण घरी का नाहीत? दहाची वेळ दिली होती ना, मॅडम?”

“थांबा, फोन लावते,” वॉर्डच्या बाई म्हणाल्या.

आणि इल्लो गाऊ लागला. रांगेतल्या सगळ्या बायकांचे हात एकदम खिशाकडे गेले, कारण चाळीसही फोनांना इल्लोचं तेच गाणं होतं. “माझा नाही.” “माझाही नाही.” “अगं तुझाच असेल, बहिरे!” हशा पिकला. जोमरेने जाकिटाच्या आत बोट दाबून धरलं. गाणं बंद पडलं.

“उचलत नाहीत,” वॉर्डच्या बाई म्हणाल्या. “ठेवून द्या ना. म्हातारं माणूस आहे.”

कुमसुक अडखळली. बाई वाईट नव्हती. तिने उघड्या खोपट्यात डोकावून पाहिलं. “किती झाडून ठेवलंय बघा. ताई, नियम तुमचा. तुम्हीच सांगा. ठेवायच्या?”

समोरच्या चोवीस नंबरच्या दारात मेंगमावशी उभी होती. एकोणऐंशी वर्षांची, कमरेत वाकलेली. वीस वर्षांची शेजारीण. तिने मास्क पाहिला, मास्कच्या वरचे डोळे पाहिले. “अहो, ही तर...” तिने तोंड उघडलं.

जोमरेने तिच्याकडे पाहिलं. मेंगमावशीने तोंड मिटलं.

‘ठेवा’ एवढंच म्हणायचं होतं. पण मागून कुणीतरी म्हणालं, “मागच्या वेळेसारखं नको व्हायला, बाई,” आणि तीस-चाळीस जणी तिच्याकडे बघत होत्या, टाळ्या वाजवल्या होत्या त्याच. आता नियम मोडला तर का मोडला, हे विचारणार. त्याचं उत्तर या कुलपाच्या आत होतं.

“माणूस नाही, तर वडी नाही,” जोमरे म्हणाली. “पुढे चला.”

दीडशे वड्या पुढच्या घरी गेल्या. मेंगमावशीच्या खोपट्यात तीनशे रचल्या, छपराला टेकल्या. मग फोटो. कुमसुकने जोमरेला पुढे केलं. जोमरेने मावशीचा हात हातात घेतला आणि मध्ये फलक धरला.

“आजी, कॅमेऱ्याकडे बघा हं,” जोमरे म्हणाली. आवाज तिने जरा वेगळा काढला होता.

“आजी?” मेंगमावशी म्हणाली. “कुठल्या गावच्या हो तुम्ही, बाई?”

“इथल्याच. खाली, शहरातल्या.”

“हो का? हात ओळखीचा वाटला म्हणून विचारलं.”

“हसा ना, आजी,” कॅमेरावाली ओरडली. “जोमरेताई, त्यांना हसवा की!”

“हसा, आजी,” जोमरे म्हणाली. “हसा.”

मेंगमावशी हसली नाही. तिने कमरेतून वाकून, परक्या पाहुण्याला करतात तसा नमस्कार केला. “आभारी आहे, बाई. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आम्ही जगतो.”

खाली उतरल्यावर सगळ्या गरम शेवयांचं सूप प्यायल्या. परतताना गाडीत कुमसुक म्हणाली, “ती प्यो आजी मनातून जाईना बघा. फुकट मिळतंय, तर दारात उभं राहायचंसुद्धा जिवावर येतं?”

“काहींची सवयच असते,” जोमरे म्हणाली.

“तुम्ही होतात म्हणून. मी तर ठेवून दिल्या असत्या.”

 टॉवरच्या फाटकाशी जोमरेने वळून हात हलवला. कचऱ्याच्या डब्यांमागे आल्यावर लक्षात आलं, जाकीट हमामखान्यात ठेवायचं राहून गेलं. परत जाण्याचं त्राण नव्हतं. तशीच चढली.

पाच दिवस गेले. शेवटची वडी संपली त्या दिवशी नळ गोठला. वॉर्ड ऑफिसने सांगितलं, तुमच्या नावावर दीडशे दिल्याची नोंद झालीय, आता पुढच्या जानेवारीअखेर. दुकानातून विकत घ्याव्यात तर पगार शंभर वड्यांपायी गेलेला. मुलाच्या नंबरावर तिने बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

संध्याकाळचे पाच वाजले असतील. जोमरेने परडी घेतली आणि समोरचं दार वाजवलं.

“कोण?”

“मी. जोमरे.”

“कुठली जोमरे? खालच्या शहरातली?”

“मावशी, चुकलं माझं. काय बोलले असते तेव्हा, सांगा.”

मेंगमावशीने दार उघडलं. खोलीतून ऊब बाहेर आली. “काय चुकलं? मला काय, दीडशे जास्तच मिळाल्या. पण वीस वर्षं माझ्या अंगणात भाजी वाळवलीस, आणि त्या दिवशी मला आजी म्हणालीस. माझा हात धरून.”

“थोड्या द्या. परत करीन.”

“देणाऱ्यांना कशाला लागतात वड्या?”

जोमरेने परडी पुढे केली. तिच्या जाकिटावर आता कोळशाच्या दोन काळ्या रेघा होत्या आणि वासही बसला होता. आत दुसरं उबदार काही नव्हतं म्हणून ती तेच घालून आली होती.

मेंगमावशी खोपट्यात गेली. दोन्ही हातांनी एक वडी घेऊन आली आणि परडीत ठेवली नाही, जोमरेच्या हातात दिली. मग पदराआडून काढावा तसा स्वेटरच्या आतून फोन काढला.

“उभी राहा नीट. दाराकडे तोंड कर, उजेड आहे.”

“मावशी...”

“नियम आहे ना? माणूस, हातात हात, फोटो. फलक नाही माझ्याकडे. जाकीट आहे तेवढ्याने भागेल.” तिने एका हाताने वडीची दुसरी बाजू धरली आणि दुसऱ्याने फोन लांब केला. “हस ना. मला सांगत होतीस.”

जोमरे हसली.

मेंगमावशीने फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं.

“डोळे मिटलेस,” ती म्हणाली. “परत काढू.”