डॉक्टरला 'तू' म्हणणारी याडी

आमच्या डॉक्टरसाहेबांना 'तू' म्हणायची हिंमत अख्ख्या दवाखान्यात एकाच बाईत होती, आणि ती होती झाडूपोछ्याला ठेवलेली. तिचं नाव वेगळंच होतं, पण आम्ही सगळे तिला याडी म्हणायचो. गोरबोलीत, म्हणजे इथल्या बंजारा लोकांच्या बोलीत, याडी म्हणजे आई. "डॉक्टर, तू खुर्चीत बसून काय करून राह्यला?" असं ती भर ओपीडीत विचारी, आणि ते बिचारे खरंच उठून उभे राहत.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. फुलसावंगीच्या पलीकडे चार तांड्यांच्या लोकांनी श्रमदानानं दोन खोल्या आणि एक टिनाचं शेड उभं केलं, तोच आमचा दवाखाना. बांधला त्यांनीच, पण यायला कोणी तयार नाही. दवाखान्यात माणूस मरायलाच जातो, अशी पक्की समजूत. मी यवतमाळहून आलेली नर्स, दिवसभर रिकाम्या खाटा पुसत बसे. याडीला ते बघवत नसे. "घर बांधलं म्हणून पाहुणे येतेत काय? बलावा लागते," म्हणत ती झाडू भिंतीला टेकवून तांड्यावर निघून जायची, आणि दोनचार जणांना घेऊनच परतायची.

तिनं आणलेला पहिला म्हातारा खाटेवर चढेचना. तो खाली जमिनीवर झोपला आणि त्याचा मुलगा वर ऐसपैस खाटेवर. मी तणतणले. याडी म्हणाली, "त्याले उंचावर झोप येत नाही. तूच खाली वाक. तुले गुडघे नाहीत काय?" मग मी जमिनीवर बसून त्याचं बीपी घेतलं. राग आला होता, खोटं कशाला बोलू.

हळूहळू लोक येऊ लागले आणि तेवढ्यात एक बाळंतीण गेली. बाळंतपण घरीच झालेलं, रक्त थांबत नव्हतं, आणली तेव्हाच ती पांढरीफटक पडली होती. उमरखेडला न्यायला जीपमध्ये घालत होतो, तिथंच माझ्या हातात तिनं मान टाकली. घरच्यांनी तिला उचलून नेलं. दुसऱ्या दिवशी ओपीडीत चिटपाखरू नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टर म्हणाले, "आठ दिवस वाट पाहू, नाहीतर बंद करू." मी तर मनातून निघालेच होते.

याडी सकाळपासून व्हरांड्यात येरझारा घालत होती. एकदम माझ्यासमोर थांबली. "चाल, तिच्या घरी."

मी म्हटलं, "काय सांगू तिथं? उशिरा आणली, हे सांगू?"

"लोकं मैताच्या घरी सांगाले जातेत काय? बसाले जातेत."

गेलो. बायकांनी सरकून जागा दिली. तिची सासू माझ्याकडे बघून गोरबोलीत काही बोलली. याडीनं मला सांगितलं, "इचारून राह्यली, तुह्याच हातात गेली काय?"

डॉक्टरांचं नाव घ्यावं, रस्त्याचं घ्यावं, सगळं ओठांवर आलं. "हो," म्हटलं, आणि मला रडू आवरेना. म्हातारी उठली. मग आत जाऊन लुगड्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन आली. तीन दिवस बकरीच्या दुधावर, ओकून ओकून पार मलूल झालेलं. ते माझ्या मांडीवर ठेवून मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "याले ने. याले वापस आणजो."

पोर जगलं. पंधरा दिवसांनी याडीनं आणि मी ते आजीच्या मांडीवर नेऊन ठेवलं. परतताना तांड्यातल्या दोन गरोदर बाया आमच्यासोबत चालत आल्या. बंद करायची गोष्ट डॉक्टरांनी पुन्हा काढली नाही.

याडी जाऊन आता तीन वर्षं झाली. फार आठवण येते तिची. दवाखाना मोठा झाला, तरी एखादं माणूस हातातून जातंच. मग दोन रात्री मला झोप नसते, आणि तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी निघते. कुठं पाणी मिळतं, कुठं शिव्या. दारापाशी पोचले की आजही वाटतं, परत फिरावं. मग आत जाते आणि बसते.