रशियाचं बाकडं, चीनचं बाकडं

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही — नवऱ्याजवळसुद्धा नाही. आणि त्याच्याशीच लग्न व्हावं म्हणून तर मी ते केलं होतं. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या राजुऱ्याचे नाही.

माझे बाबा रशियावाले. सासरे — देवाजीभाऊ — चीनवाले. दोघं कोळशाच्या एकाच खाणीत, एकाच पाळीत, आणि तरुणपणी एका ताटात जेवणारे. मग तिकडे रशिया-चीनचं फाटलं, इकडे कम्युनिस्ट पक्ष फुटला, आणि खाणीच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर दोन बाकडी झाली. एक रशियाचं, एक चीनचं. बाबांनी नागपूरच्या पुढे कधी पाऊल टाकलं नव्हतं, देवाजीभाऊंनी तेवढंही नाही — पण क्रांतीचा खरा रस्ता कोणाचा, यावरून तीसेक वर्षं अबोला. आमच्या शाळेच्या पुस्तकांना रशियन मासिकांच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं, त्यांच्या घरी रेडिओवर पेकिंगहून येणाऱ्या हिंदी बातम्या. हसू येतं ना? मलाही येतं.

आणि माझा जीव जडला तो नेमका चीनच्या घरात, प्रकाशवर. रशिया तोवर मोडूनही पडला होता, पण बाबा बाकडं सोडेनात. ‘पहिले त्याले चूक कबूल करू दे, मंग सोयरीक पाहू.’ देवाजीभाऊंनीही प्रकाशला हेच ऐकवलं. आता मी काय करायचं होतं? — नाही, तसं विचारत नाही. काय केलं ते सांगते.

मी बाबांना सांगितलं, देवाजीभाऊंनी माझ्याजवळ कबूल केलं की रशियाच बरोबर होता. तीन दिवसांनी देवाजीभाऊंना सांगितलं, बाबांनी मान्य केलं, चीनच बरोबर. वर दोघांनाही बजावलं — त्यांच्यापुढे विषय काढू नका, लाजतील.

जिंकलेला माणूस किती दिलदार होतो, ते मी तेव्हा पाहिलं. बाबा आपणहून चीनच्या बाकड्यावर जाऊन बसले. देवाजीभाऊंनी स्वतः बशीत ओतून त्यांना चहा दिला. लग्नात दोघं व्याही बँडपुढे नाचले, गुडघे धरेपर्यंत नाचले. तेव्हापासून पंचवीस वर्षं रोज एकाच बाकड्यावर, एकमेकाला सांभाळून घेत. खोटं बोलल्याचं ओझं? खरं सांगू — फारसं नव्हतं. मी फार सुखात होते.

यंदा खाणीतल्या जुन्या कामगारांचा सत्कार झाला. बाबांना आता कानाशी तोंड नेल्याशिवाय ऐकू येत नाही. देवाजीभाऊ माईकवर उभे राहिले. ‘माह्या व्याह्यासारखा मोठ्या मनाचा माणूस नाई. चीनचंच बरोबर होतं, हे त्यानं सोताहून कबूल केलं.’

समोर रशियाच्या बाकड्यावरचे उरलेले तीन म्हातारे बसले होते. त्यांच्यासोबत बाबांनी आयुष्य काढलं. तिघांनी बाबांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

बाबांनी मला कोपराने ढोसलं. ‘काय म्हणून राह्यला तो?’

माईक चार पावलांवर होता. मी उठू शकले असते. मी बाबांच्या कानाशी वाकले — ‘तुमची तारीफ करून राह्यले, बाबा.’

बाबा खुलले. सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या. मग मीही वाजवल्या.