घोडनदीकाठची आमरी

वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन मी कुरकुंभच्या एका औषध कारखान्यात लॅबला लागलो, तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. आठवडाभर नमुने तपासायचे, सुट्टीला भीमेकाठच्या जुन्या आमरायांत भटकायचं. मला रास्ना बघायची होती, झाडाच्या फांदीवर वाढणारी आमरी, म्हणजे ऑर्किड. कॉलेजात तिचं वाळवलेलं पान तेवढं पाहिलं होतं. चार उन्हाळे मी मान वर करून फिरलो. लोक विचारायचे, "मोहोळ शोधताय का?"

पाचव्या वर्षी, चैत्रात, आमच्या प्लँटमधला एक ऑपरेटर गावाहून परतला तो डब्याच्या झाकणात, ओल्या फडक्यावर एक फूल घेऊनच. तो शिरूरकडचा. घरचे पूर्वी मेंढरं घेऊन फिरायचे, आता घोडनदीकाठी शेती करत होते.

"सर, तुम्हाला झाडातलं कळतं. शेळ्यांना पाला काढताना आमच्या आंब्यावर घावलं हे. काय म्हंत्यात याला?"

पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी जाळी, मधे निळसर जांभळी जीभ. बघताक्षणी ओळखलं. आनंद व्हायला हवा होता, पण झाला तो नुसता जळफळाट. मी चार वर्षं उन्हात करपलो आणि याला ती शेळ्यांना पाला काढताना सापडली!

"बांडगूळ आहे," मी म्हणालो. "झाडाचा रस पितं. काढून टाका."

"एवढं देखणं, आन् बांडगूळ?"

मी तोंड फिरवून कामाला लागलो.

आठवडाभर हातून चुका होत राहिल्या. शनिवारी तो गावी गेला. रविवारी सकाळी मीही शिरूरची एसटी धरली. आमरी वाचवायला निघालो होतो, की कापण्याआधी एकदा डोळ्यांनी बघायला, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

पत्ता विचारत त्यांच्या मळ्यात पोचलो. आंब्याच्या आडव्या फांदीवर आठ-दहा तुरे डुलत होते. खाली त्याचे वडील बसले होते, शेजारी तो.

"पोरगं कोयता घिऊन चढलं हुतं, मीच उतरवलं," ते म्हणाले. "आवं, बांडगूळ फांदीत घुसतं. याची मुळं सालीला नुसती चिकटल्यात, निम्मी तर वाऱ्यावर लोंबत्यात. मेंढरामागं झाडाखाली जल्म गेला माझा, एवढं न्हाई कळायचं?"

मुलगा घाईनं म्हणाला, "आबा, सरांनी फूलच बघितलं हुतं. झाड कुठं बघितलं?"

त्यानं मला सावरून घेतलं ते जास्त झोंबलं.

"नाही आबा," मी म्हणालो. "मला माहीत होतं. मी खोटं बोललो."

"का बरं?"

"यांना सापडली म्हणून."

म्हातारा पोराला म्हणाला, "जा, सरांना शिडी आण."

मी वर चढलो. तुरा नाकाशी आला, मंद गोड वास आला. इतक्या वर्षांनी भेटलेल्या त्या फुलापुढं माझ्या मनात आलं ते एवढंच, की हे झाड माझं असायला हवं होतं. खाली उतरल्यावर त्या दोघांना तिचं नाव सांगितलं.

पुढच्या वर्षी माझ्या कॉलेजची मुलं आमरी बघायला आली. आबांचा मुलगा फांदीकडं बोट करून त्यांना मुळं समजावत होता आणि मी मागं उभा राहून ऐकत होतो. त्याचं एखादं तरी वाक्य चुकावं, म्हणून वाट बघत राहिलो. एकही चुकलं नाही.